नववं भिंग

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बहुतेक जण स्नेहसंमेलन, सहल आणि छडीबद्दल लिहितील. मी चोरीबद्दल लिहितो.

१९८२ साली, नववीत असताना, मी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं एक भिंग खिशात घातलं. पितळी कडेचं, तळहातात मावणारं. गरज काही नव्हती, छान दिसलं एवढंच. शिवाजी पेठेतल्या घरी जोंधळ्याच्या डब्यात ते तळाशी खुपसलं आणि त्यातून एकदाही बघितलं नाही. आई दळणाला जोंधळं काढायला लागली की मी तिथंच घुटमळायचो.

"काय पायजे रं?"

"काय न्हाई."

त्याच आठवड्यात ऑफ तासाला इंग्रजीचे सर आले. बाहेर पाऊस. सरांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एडगर ॲलन पोची १८४३ सालची एक गोष्ट सांगायला घेतली. एका म्हाताऱ्याचा डोळा गिधाडासारखा. तो सांगणाऱ्याला सहन होत नाही. सात रात्री तो दार किलकिलं करून कंदिलाची एक तिरीप त्या डोळ्यावर सोडतो, पण डोळा मिटलेला. आठव्या रात्री उघडा सापडतो. खून करून प्रेत फळ्यांखाली पुरतो. पोलीस येतात तर त्यांना त्याच खोलीत बसवतो आणि आपली खुर्ची नेमकी त्या फळ्यांवर मांडतो. गप्पा रंगतात. मग खालून ठोके ऐकू येतात, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखे.

इथं सरांनी डस्टरची लाकडी बाजू टेबलावर हळूहळू आपटायला सुरुवात केली. मला जोंधळ्याचा डबा दिसायला लागला.

"काळीज कुणाचं वाजत होतं?" सरांनी विचारलं. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं. सर म्हणाले, मेलेल्याचं कसं वाजेल? आणि पोलिसांना कसं ऐकू आलं नाही? इंग्रजीत 'आय' म्हणजे डोळा आणि 'आय' म्हणजे मीसुद्धा, तेव्हा तो मारायला निघाला होता कुणाला, बघा. आमच्याकडं आय म्हणजे आई, त्यामुळं वर्गात खसखस पिकली आणि मुद्दा वाहून गेला. माझ्यापुरता नाही गेला.

पुढं बँकेत तपासणीच्या कामात वर्षं काढली तेव्हा ती गोष्ट परत समजली. तो माणूस पहिल्या ओळीपासून सांगत सुटतो की मी वेडा नाही, बघा किती बेताबेतानं केलं. ज्याच्या खात्यात गडबड असते तोही असाच. न विचारता व्हाउचर पुढं करतो, चहा मागवतो, खुर्ची आपणच ओढून देतो.

करवीर नगर वाचन मंदिरात दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला खुनी, रस्कोल्निकोव्ह भेटला. कादंबरीचे सहा भाग, खून पहिल्याच भागात उरकतो, उरलेलं सगळं मनात. लुटीचं पाकीट तो उघडूनही बघत नाही, एका दगडाखाली दडपून येतो. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून रंकाळ्यावर चालत गेलो. हल्ली त्याला अमुक विकार होता, तमुक विकार होता असं लिहितात. मला तो उद्योग पटत नाही. शेक्सपिअरच्या नाटकातली, राजाच्या खुनात सामील असलेली लेडी मॅक्बेथ, तिचा वैद्य जास्त शहाणा: झोपेत चालताना ती काय बोलते ते टिपून घेतो आणि हा रोग माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, असं सांगून मोकळा होतो. तिच्या उशाशी मात्र सतत दिवा लागतो, तिचीच आज्ञा. १९१६ साली मनोविश्लेषक फ्रॉइडनं लिहिलं की काही माणसांत अपराधाची भावना आधी असते आणि गुन्हा नंतर घडतो, म्हणजे त्या भावनेला टेकायला काहीतरी मिळतं. असेल. माझ्या बाबतीत भिंग आधी, बाकी सगळं नंतर.

तर त्या गोष्टीनंतर तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या मामांपुढं जाऊन उभा राहिलो. घाम फुटलेला. भिंग टेबलावर ठेवलं आणि सगळं भडाभडा सांगितलं, डब्यासकट.

मामांनी चष्मा लावला, रजिस्टर काढलं, पेटीतली भिंगं बोटानं मोजली.

"आठ हायती. वहीत बी आठच. हे नववं कुठनं आणलंस?"

"इथलंच हाय, मामा."

"मग ठेव की तिथं. आन् त्या परीक्षानळ्या धू आता आलायस तर."

मी नळ्या धुतल्या. जाताना वाकून बघितलं. वहीत आठ, पेटीत नऊ.