निळ्या गवतातला स्पॅनिश स्वार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, नेदरलँड्समधील वाखेनिंगनला शिकत असलेल्या भाचीकडे मुक्कामाला असताना, आम्ही दोघे सायकलींवरून बेनेकोम गावाच्या पश्चिमेकडील ‘बेनेकोमसे मेंट’ हे ओले कुरण पाहायला गेलो. ‘मेंट’ म्हणजे गावाची सामाईक जमीन. आपल्याकडील गायरानाच्या जातीचीच.

मला पाहायचे होते ते सिर्सियम डिसेक्टम, म्हणजे ओल्या कुरणांत वाढणारे काटेरी जातीचे एक रानफूल. डच लोक त्याला ‘स्पॅनिश स्वार’ म्हणतात. घोडदळ रोखण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या, अणकुचीदार खुंट्यांच्या लाकडी अडथळ्यालाही त्यांच्या भाषेत हेच नाव आहे. त्यामुळे उंटकटारीसारखे बोचरे झाड डोळ्यांसमोर ठेवून मी गेलो होतो. पायवाटेच्या कडेला वाकून पाहिले, तर बिनकाट्याच्या, पांढुरक्या लवीने मढलेल्या देठावर जांभळट गुलाबी रंगाचे एकुलते एक फूल होते, आणि पानांच्या कडांचे काटे इतके मऊ की बोट फिरवले तरी ते टोचले नाहीत. पान उलटले की खालची बाजू कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंनी पांढरी दिसते. दलदलीतील दुसऱ्या सिर्सियमच्या, म्हणजे पालुस्त्रेच्या, देठावर काटेरी पंखच असतात. त्यामुळे या दोघांत गल्लत होत नाही.

भाची म्हणाली, “मामा, या जमिनीला खत घातलं, तर हे फूल मरतं.” शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पूर्वेकडील फेलुवे या वालुकामय उंचवट्यावर पडलेला पाऊस जमिनीखालून झिरपत येऊन या सखल भागात वर येतो, आणि त्याच्याबरोबर आलेला चुना मातीला आम्ल होऊ देत नाही. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस, गवत कापून ते शेताबाहेर नेले जाते. त्यामुळे माती कायम निकस राहते आणि उंच, धसमुसळ्या गवतांना तेथे माजता येत नाही. अशा कुरणांतील मोलिनिया गवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पती दुरून निळसर दिसतात, म्हणून डच लोक त्यांना ‘निळ्या गवताची राने’ म्हणतात. विसाव्या शतकात चर खणून पाणी काढले गेले, रासायनिक खते आली, आणि ही राने जवळपास नाहीशी झाली. आता उरली आहेत ती तुकड्यातुकड्यांनी, आणि तेथेही हवेतून उतरणारा नायट्रोजन नको असलेले खत घालतोच आहे.

हे झाड जमिनीखाली आडवी खोडे पसरवून वाढते, त्यामुळे एका जागी दिसणारी कितीतरी फुले एकाच झाडाची असू शकतात. त्याच्या बिया मात्र मातीत फार काळ जिवंत राहत नाहीत. कुरण एकदा गेले, तर पुढे पाणी परत आणूनही फूल आपसूक परतत नाही. म्हणून नव्याने तयार केलेल्या कुरणात वरचा मातीचा थर खरवडून, जुन्या रानातले बियांसकट कापलेले गवत आणून पसरतात.

परतताना एका फुलावर भुंगा बसला होता, आणि त्याच्या वजनाने ते लांब देठ हळूहळू खाली वाकत होते. तो उडेपर्यंत आम्ही दोघेही सायकली धरून तेथेच उभे राहिलो.