तात्या जेवले का?

आमच्या घरात सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी बघितला जातो तो तात्यांचा ट्रे. लेंड्यांचा. ज्यांच्या घरी ससा नाही त्यांना हे वाचून कसंतरी होईल, त्याला माझा इलाज नाही. तात्या हा आमचा ससा. करडा रंग, वजन दोन किलोच्या आसपास, कान ताठ आणि चेहऱ्यावर कायम पेन्शनचे कागद कुठेतरी अडकल्याचा भाव. म्हणून नाव तात्या आणि म्हणूनच अहो-जाहो. 'तात्या जेवले का?' हा प्रश्न आमच्याकडे गमतीत सुरू झाला. आता तो कोणी गमतीत विचारत नाही.

तात्यांच्या आतड्यांची हालचाल मधूनमधून मंदावते, कधी जवळजवळ थांबते. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात. सशाचं पचन चालतं ते आतलं सतत पुढे ढकलत राहण्यावर, आणि ढकलण्याचं काम करतो न पचणारा चोथा, म्हणजे गवताचे लांब धागे. मोठ्या आतड्यात या मालाची वाटणी होते. जाड धागे पुढे जाऊन त्यांच्या कोरड्या लेंड्या होतात. बारीक भाग मागे उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, परत जातो, तिथे जंतू तो आंबवतात आणि त्याच्या मऊ, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या गोळ्या होतात. या गोळ्या ससा थेट तोंडाने उचलून खातो. किळस वाटून घेऊ नका, त्याला लागणारी ब जीवनसत्त्वं आणि काही प्रथिनं त्यातून मिळतात.

खाणं थांबलं की ढकलणं थांबतं. आत साचलेलं सुकत जातं, जंतूंचा तोल बिघडतो, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. उलटी करून मोकळं होण्याची सोय सशाला निसर्गाने दिलेलीच नाही. शिवाय उपाशी सशाच्या यकृतात चरबी साठायला लागते, जाडजूड सशात तर फारच लवकर. म्हणून दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही आणि ट्रेही कोरडा, तर 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य सशाच्या घरात चालत नाही. कुत्र्याने एक वेळ जेवण टाकलं तर टाकलं. इथे तसं नाही.

तर ट्रे. चांगली लेंडी गोल, हरभऱ्याएवढी, फिकट तपकिरी, आणि बोटांत दाबली की भुसा होऊन सुटते. आत गवताचे बारीक तुकडे दिसतात. पोट बिघडायच्या आधी लेंड्या लहान आणि काळपट व्हायला लागतात, कडक होतात, आकार वेडावाकडा होतो. कधी दोन-तीन लेंड्या केसाने ओवून आलेल्या असतात. अंग चाटताना पोटात गेलेले केस ते. थोडे केस प्रत्येक सशाच्या पोटात असतात, आतडी चालू असली तर ते निघून जातात. 'पोटात केसांचा गोळा झाला म्हणून ससा खात नाही' असं पूर्वी सर्रास सांगायचे. बहुतेक वेळा उलटं असतं, आतडी मंदावतात म्हणून केस तिथे साचून राहतात. अननसाचा रस दिला की केस विरघळतात, हा सल्ला त्याच जुन्या समजुतीतून आलेला आहे. त्या रसातलं विकर (एन्झाइम) केस विरघळवत नाही. रसातली साखर मात्र बिघडलेल्या आतड्यात नको त्या जंतूंना मेजवानी देते. हा सल्ला मला इतक्या प्रेमाने आणि इतक्या जणांनी दिला आहे की आता मी फक्त मान हलवते.

मऊ गोळ्या ट्रेमध्ये तशाच पडून राहिल्या, किंवा मागच्या केसांना चिकटून बसल्या, तर तीही एक बातमी असते. पेलेट्स (सशासाठी मिळणारे दाबून केलेले तयार दाणे) किंवा गोड खाऊ जास्त झाला, गवत कमी पडलं, वजन वाढल्यामुळे किंवा सांधे दुखत असल्यामुळे तोंड मागे पोचेना, यांपैकी काहीतरी. याला जुलाब समजू नये. खरे पाण्यासारखे जुलाब सशाला लागले तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे.

तात्यांचं पोट वारंवार का बिघडतं हे कळायला वेळ लागला, कारण सगळ्यांचं लक्ष पोटावर होतं. औषध द्यायचं, तात्या सुधारायचे, काही आठवड्यांनी पुन्हा तेच. माझ्या भावाने एक गोष्ट टिपली. तात्या वाटीपर्यंत येतात, अगदी उत्साहाने येतात, हिरवं पान उचलतात, दोनदा चावतात आणि खाली टाकतात. मग वाटीकडे बघत बसतात. भूक आहे, खाता येत नाही. गवत सोडलेलं, पेलेट्स मात्र चालू. हनुवटीखालचे केस थोडे ओले. हे सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी पोटावरचा हात काढला आणि तोंडात बघायची नळी घेतली.

सशाला 28 दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोनेक मिलिमीटर सहज वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, त्यात दाढा एकमेकींवर घासून बेतात राहतात. घासणं कमी पडलं किंवा जबड्याची ठेवणच वेडीवाकडी असली की दाढांना टोकं येतात. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे, वरच्यांची गालाकडे. तात्यांच्या जिभेला एका बाजूने जखम होती. पुढचे दात बघून यातलं काही कळत नाही, ते व्यवस्थितच होते. शुद्धीवर असलेल्या सशाच्या तोंडात फार आत दिसतही नाही, म्हणून भूल देऊन नीट तपासणी आणि टोकं घासून काढणं एकाच वेळी झालं. ही टोकं पुन्हा येतात. तात्यांना यासाठी ठरावीक काळाने जावं लागतं आणि जात राहावं लागणार.

भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवा, असं तिथल्या एका मदतनिसाने फोनवर सांगितलं. कुत्र्या-मांजरांसाठी ते बरोबर आहे, कारण त्यांना उलटी होऊ शकते. सशाला होत नाही आणि उपाशी ठेवलं तर आतडी बसतात. मी डॉक्टरांशीच बोलून खात्री करून घेतली. तात्या शेवटपर्यंत गवत चघळत गेले.

आता सिरिंजचं जेवण. यावर मी पुस्तक लिहीन. आजारी सशासाठी गवताच्या भुकटीचं तयार खाणं मिळतं, ते कोमट पाण्यात कालवायचं. ते नसेल तर नेहमीचे साधे पेलेट्स भिजवून, अगदी मऊ करून वेळ मारून नेता येते. मात्र त्याआधी पोट फुगलेलं नाही आणि आत कुठे अडकलेलं नाही, हे डॉक्टरांनी बघितलेलं असायला हवं. बंद नळीत वरून खाणं भरत राहणं धोक्याचं आहे. एक्स-रेमध्ये जठर गोल फुगलेलं दिसलं तर प्रकरण वेगळ्याच रस्त्याने जातं. आतड्यांची हालचाल वाढवणारी औषधंही अडथळा असेल तर देत नाहीत.

तात्यांना मी जमिनीवर बसून, मांडीच्या मधे, टॉवेलमध्ये गुंडाळून घेते. तोंड माझ्याकडे नाही, माझ्यापासून पलीकडे. मागे सरकायला जागा राहू द्यायची नाही. सशाचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथे बाजूने सरकवायचं, समोरून नाही. एका वेळी अर्धा ते एक मिली, त्याहून जास्त नाही. मग थांबायचं. जबडा फिरायला लागतो, गिळल्याचं दिसतं, मग पुढचा घास. उताणं धरून किंवा डोकं मागे करून भरवलं तर खाणं श्वासनळीत जाऊ शकतं. आम्हाला डॉक्टरांनी एका वेळचं माप किलोला दहा ते पंधरा मिली असं सांगितलं होतं, दर काही तासांनी. कागदावर हे आटोपशीर दिसतं. प्रत्यक्षात पहिली सिरिंज तात्यांच्या पोटात कमी आणि माझ्या चष्म्यावर जास्त जाते. आई दाराशी उभी राहून 'अगं, त्यांना नको असेल' म्हणते. त्यांना नकोच असतं, आई. म्हणून तर हे चाललंय.

हनुवटी आणि छाती नंतर ओल्या कापडाने पुसून कोरडी करायची, नाहीतर ते वाळून केस गुंततात आणि खालची कातडी लाल होते. आणि प्रत्येक वेळी आधी ताजं गवत समोर धरायचं. सिरिंजवर ससा जगवता येतो, पण चघळण्याचं काम सिरिंज करत नाही.

वेदनाशामक औषध हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे असं माझं मत झालं आहे. लोक विचारतात, हालचालीचं औषध दिलं का, गॅसचे थेंब दिले का. दुखणं थांबलं का, हे कोणी विचारत नाही. दुखत असेल तोवर ससा खाणार नाही, मग बाकी काहीही द्या. दुखणं तो दाखवतही नाही, शिकार होणारा प्राणी आहे. पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसणं, डोळे अर्धे मिटलेले, पोट जमिनीला दाबून लांब होणं, पुन्हा उठणं, पुन्हा दाबणं, एवढंच दिसतं. दात वाजण्यातही फरक आहे. डोक्यावरून हात फिरवताना येणारी हलकी करकर ही खुशीची. मोठा, अंतर ठेवून येणारा दात खाण्याचा आवाज दुखण्याचा. माणसाचं कोणतंही औषध आपल्या मनाने द्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको. पण डॉक्टर सशांचे जाणकार नसतील तर हेही विचारून घ्या की अँटिबायोटिक कोणतं आहे. अमोक्सिसिलीन, क्लिंडामायसीन यांसारखी तोंडावाटे दिलेली औषधं सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि त्याने ससा दगावू शकतो.

कान गार लागत असतील आणि ससा मलूल पडला असेल तर ती वेळ घरगुती उपायांची नसते. सशाच्या अंगाचं तापमान साधारण 38.5 ते 39.5 अंश असतं. ते 38 च्या खाली गेलं तर टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी शेजारी ठेवून निघायचं. पोट एकाएकी ढोलासारखं ताणलेलं लागलं तर मालिशही करायची नाही.

सध्या तात्यांचं बरं चाललंय. खाण्यात बहुतेक सगळं वाळलेलं गवत, त्यात भर म्हणून पालेभाजी, पेलेट्स मोजून चमचाभर. फळ क्वचित, तेही नखाएवढं. गवताचे दोन प्रकार ठेवते, कारण एकाचा कंटाळा आला की ते दुसऱ्याकडे वळतात. पाणी बाटलीऐवजी जड वाटीत, ससे त्यातून जास्त पितात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन होतं आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं जातं. दाढांची टोकं पुन्हा येऊ लागली की ट्रेच्याही आधी हा कागद सांगतो. आकडा दोन रविवार सलग उतरला की मी तिसऱ्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करते. जाताना पिशवीत त्या दिवशीच्या लेंड्या नेते, लहान डबीत, झाकण लावून. पहिल्यांदा डबी पुढे केली तेव्हा मला जरा लाज वाटली होती. डॉक्टरांनी मात्र ती उघडली, एक लेंडी फोडून उजेडात धरली आणि विचारलं, 'गवत कधीपासून कमी झालंय?'