आमची वाटचाल : मल्लखांबापासून त्याच्या आराखड्यापर्यंत

पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटला लागून, आमचा लाकूड कातण्याचा कारखाना आहे. आजोबांच्या काळात येथे खाटांचे पाय आणि पाळण्यांचे खांब कातले जात, आणि तालमींची मागणी आली की मुद्गल, करेल व लेझमीचे दांडेही होत. मल्लखांब हे आमचे मुख्य काम झाले ते वडिलांमुळे. ते स्वतः तालमीत वाढलेले असल्यामुळे खांबाची मान किती बारीक असावी आणि बोंडाची, म्हणजे टोकावरच्या गोळ्याची, गोलाई तळहाताला कुठे टोचते, हे त्यांना हात फिरवताच समजत असे, आणि शाळा व व्यायामशाळांच्या शिक्षकांनी याच जाणकारीवर विसंबून आमच्याकडे कामे दिली. आज व्यवसायाची सूत्रे माझ्याकडे आहेत आणि परदेशांशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझी पुतणी पाहते.

मल्लखांब परदेशी नेण्याचे श्रेय आमचे नाही, हे आधीच नोंदवतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवसंजीवनी दिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना जे अथकपणे शिकवले, त्याचा गौरव 2024 च्या पद्मश्रीने झाला. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा 15 देशांचे खेळाडू मुंबईत उतरले होते. ती स्पर्धा पाहताना माझ्या मनात कारागिराचाच प्रश्न आला : ही मुले-मुली आपापल्या गावी परतल्यावर सराव कशावर करणार?

पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारे 2.6 मीटर उंच असतो, बुंध्याशी त्याचा घेर 55 सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि जमिनीत गाडायचा भाग धरला तर सागवानी खांबाचे वजन 40 किलोच्या घरात जाते. असा नग बोटीने पाठवायचा म्हणजे लाकडाच्या किमतीपेक्षा वाहतूक जड होते. शिसवी खांबाची अडचण आणखी वेगळी आहे. जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाचा समावेश वन्य वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झालेला आहे; पुढे 10 किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सवलत मिळाली, परंतु मल्लखांब त्या मर्यादेत बसणे शक्यच नाही. म्हणून परदेशासाठी आम्ही केवळ सागवान वापरू लागलो. खोक्याच्या लाकडालाही नियम आहे : त्याच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटे पोहोचले पाहिजे आणि तसा शिक्का खोक्यावर असला पाहिजे.

खरी परीक्षा मात्र माल पोहोचल्यानंतर सुरू होते. थंड देशांतील सभागृहे हिवाळाभर कृत्रिमरीत्या तापवलेली असतात आणि आतली हवा इतकी कोरडी होते की पुण्याच्या हवेत उत्तम मुरलेले लाकूडही तेथे आणखी ओलावा सोडते, आक्रसते आणि त्याला उभी चीर जाते. शोभेच्या खांबाला चीर गेली तर काही बिघडत नाही. पण ज्याच्या अंगावरून उघड्या मांड्या आणि बरगड्या घासत जातात, त्या खांबाची चीर म्हणजे थेट जखम. यावर दोनच उपाय आहेत : लाकूड भट्टीत अधिक वाळवणे, आणि खांब झाडाच्या मधल्या गाभ्यातून न काढता त्याच्या एका अंगाने काढणे. दुसऱ्या उपायासाठी निदान 40 सेंटीमीटर जाडीचे ओंडके लागतात आणि ते महाग पडतात. शिवाय भाड्याच्या सभागृहात खड्डा खणता येत नाही, त्यामुळे खांबाला काढता-घालता येणारी जड लोखंडी बैठक द्यावी लागते, आणि खांबाला चोळलेल्या एरंडेलाचे थेंब लाकडी जमिनीवर पडू नयेत म्हणून खाली वेगळे आच्छादन घालावे लागते.

या सगळ्याचा हिशेब मांडल्यावर आम्ही घरात बसून असे ठरवले की परदेशात खांब विकणे हे आमचे ध्येय नसावे, तर तेथील सुताराला तो करता यावा हे असावे. आमच्या काही हितचिंतकांना हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने अव्यवहार्य वाटला. माझे मत तेव्हाही स्पष्ट होते आणि आजही आहे : ज्या खेळाचे साधन हजारो मैलांवरून मागवावे लागते, तो खेळ मूठभर हौशी लोकांपलीकडे पसरत नाही. म्हणून वडिलांच्या मापांवरून पुतणीने संपूर्ण आराखडा तयार केला, त्यात अंग, मान व बोंड यांची मापे, बैठकीची जोडणी आणि लाकडाची निवड यांचा तपशील दिला आणि मागेल त्याला तो विनामूल्य देण्यास सुरुवात केली. युरोपात सहज मिळणारी बीच आणि अ‍ॅश ही लाकडे या कामाला चांगली ठरतात, असे तेथील सुतारांच्या कामावरून दिसले. ओक देखणा असला तरी त्याची रेषा भरड असते आणि अंगाला लागते.

दोरीच्या मल्लखांबाबाबत आमचा आग्रह अधिक आहे. पूर्वी त्यासाठी वेत वापरत. आता सुती दोर असतो. तो घडी घालून सामानात नेता येतो, छताला भक्कम आधार असला की लावता येतो आणि त्याला तेल लागत नाही. आपल्याकडे मुलींच्या कितीतरी पिढ्या या दोरावर घडल्या आहेत. माझ्या मते नव्या देशात सुरुवात दोरानेच व्हावी, कारण पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर पकडून साधी अढी, म्हणजे पायांची पकड, जमली की शिकणाऱ्याची भीती पहिल्या महिन्यातच निघून जाते. मात्र दोर सुतीच हवा. बाजारात स्वस्त मिळणारा नायलॉनचा दोर त्वचा सोलून काढतो.

कारखान्याच्या वार्षिक नफ्यातील ठरावीक हिस्सा आम्ही परदेशी शिकवायला जाणाऱ्या तरुण प्रशिक्षकांच्या प्रवासासाठी राखून ठेवतो. साधन कितीही निर्दोष असले तरी खाली उभा राहून आधार देणारा जाणता माणूस नसेल, तर मुलाला खांबावर चढवू नये, असे वडील सांगत, आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर आम्ही हीच सूचना छापली आहे.

परदेशातील महाराष्ट्र मंडळे आणि मराठी शाळा यांच्याकडून अलीकडे विचारणा वाढली आहे, ही आमच्यासाठी फार समाधानाची गोष्ट आहे. ज्या मंडळांना वर्ग सुरू करायचा आहे, त्यांनी आम्हाला सभागृहाची उंची, जमिनीचा प्रकार, शिकणाऱ्यांची वये आणि जवळपास कोणते कठीण लाकूड मिळते, एवढे कळवावे. त्यानुसार मापे बदलून आराखडा पाठवला जाईल.