नळ हवा ओढतोय

सोमवार

बाथरूममधल्या नळाचं आठ-दहा दिवस नाटक चाललंय. सकाळी साडेसहाला धार बरी असते. पावणेसातला करंगळीएवढी होते, मग दोनदा खोकल्यासारखा आवाज आणि ठणठणाट. दहा-पंधरा मिनिटांनी आपणहून परत सुरू. आज सासूबाई अंगाला साबण लावून बसलेल्या आणि मी स्वयंपाकघरातून तांब्या-तांब्याने पाणी नेतेय. तिथला नळ मात्र धो धो. म्हणजे टाकीत पाणी आहे.

आमची बिल्डिंग जुळे सोलापुरात. तळमजला धरून चार मजले, आठ फ्लॅट, गच्चीवर एकच काळी टाकी. आम्ही सगळ्यात वर. एप्रिल लागला की दुपारी गार पाण्याच्या नळाला चहा टाकण्याइतकं गरम पाणी येतं. गीझर मार्चमध्येच बंद केलाय.

मंगळवार

नळ खोलला. माझे वडील, नाना, कारखान्यात जॉबर (माग लावून-दुरुस्त करून देणारे) होते, टॉवेलच्या मागांवर आयुष्य गेलं. त्यांचा दहा इंची पाना माझ्याकडे आहे, बाकी भावंडांनी घर घेतलं. (हे नुसतं लिहिलंय, तक्रार नाही.)

बाथरूमचा आतला कॉक बंद केला, मुठीवरची टोपी काढली, स्क्रू सोडवला, स्पिंडल (नळाचा आतला दांडा) बाहेर. वायसर मधोमध चिरलेला, बैठकीवर पांढरे क्षार. हौद आटला की आम्ही बोअरचं पाणी चढवतो, त्याची ही मेहरबानी. नळाच्या तोंडाची जाळी तर बर्फीच्या तुकड्यासारखी घट्ट झालेली. रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकली. सगळीकडून बुडबुडे येत होते, बघायला मजा वाटली.

बुधवार

जाळी लख्ख. नवा वायसर, नवं स्पिंडल, टेफ्लॉन टेपचे पाच वेढे. एकशे ऐंशी रुपये गेले. साडेसहाला धार अशी की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

पावणेसातला खोक, खोक, बंद.

प्लंबरला फोन केला. तो आला, नळाकडे न बघताच म्हणाला, "ताई, नळ जुना झालाय, पूर्ण बदलू. अठ्ठावीसशे होतील." का, विचारलं तर, "जुना झालाय ना." माणूस वाईट नाही, पण पावणेसातचं काही विचारलंच नाही त्याने. दोन दिवस थांबा म्हटलं.

दुपारी दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ धरलं. तीन मिनिटं. हाच नळ, हीच बादली, सकाळी पावणेसातला अकरा मिनिटं, तीही मधली बंद पडलेली वेळ सोडून. वायसरला काय घड्याळ कळतं का? नाना म्हणायचे, धागा तुटलेला दिसतो तिथं गाठ मारून मोकळा होणारा दिवसभर गाठीच मारत बसतो, मागे बीमपर्यंत, ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळापर्यंत, जाऊन बघ. मी दोन दिवस गाठी मारत होते.

गुरुवार

आजचं लिहिताना अजून हसू येतंय.

नळाला मी हिरवी रबरी नळी लावलीय, बादली लांब ठेवता येते म्हणून. सकाळी चादरी भिजत घातल्या, पावडर टाकली, नळी बादलीत सोडली, नळ चालू ठेवला आणि चहा टाकायला गेले. परत आले तर बादली भरण्याऐवजी चार बोटं खाली. चादरींचं काठ उघडं पडलेलं. बादलीला भोक आहे का बघितलं. नाही. मग डोळ्यांदेखत पाणी अजून एक बोट उतरलं. फेस नळीच्या तोंडाशी गोल फिरून आत जात होता.

तेवढ्यात दारावर थाप. खालच्या काकू. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "अगं, तुमच्याकडे काय करायलीस? आमच्या नळाला फेस यायला लागलाय!"

मी त्यांना आत बोलावलं आणि बादली दाखवली. काकू तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, ते देवाला होतं की मला, कळलं नाही. मग आम्ही दोघींनी प्रयोग केला. नळी काढली. नळाच्या तोंडावर बोटाने साबणाचा फेस लावला. काकू खाली जाऊन त्यांचा नळ सोडून आल्या. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग सुर्रर्र करून फेस आत ओढला गेला. तळहात धरला तर नळ हात चोखत होता. काकूंनीही हात धरून बघितला आणि पटकन मागे घेतला.

म्हणजे नळ बिघडलाच नव्हता. बाथरूमच्या चारही मजल्यांना टाकीतून एकच उभी लाईन उतरते. खालचे दोन-तीन नळ एकदम सुटले की वरून जितकं पाणी उतरतं त्यापेक्षा जास्त खाली निघून जातं, लाईन वरून रिकामी व्हायला लागते आणि आमचा उघडा नळ हवा आत घेतो. नळी बादलीत बुडलेली असेल तर हवेऐवजी बादलीतलंच पाणी. आज चादरींचं होतं. मागच्या आठवड्यात त्याच बादलीत पायपुसणी भिजत होती. ते काकूंना सांगितलेलं नाही. नळी कायमची काढून टाकलीय. यापुढे नळाचं तोंड बादलीच्या काठापेक्षा वरच.

आणि पावणेसात ही काकूंच्या आंघोळीची वेळ. पहिल्या मजल्यावरचे काका सव्वासातला. त्यांचा मुलगा आठनंतर, तोही बराच वेळ घेतो. माझ्या नळाला सगळ्यांचं वेळापत्रक पाठ होतं, मीच ऐकत नव्हते.

शुक्रवार

गच्चीवर गेले. नऊ वाजताच पायाला चटके. टाकीतून दोन पाईप निघतात, एक स्वयंपाकघरांचा, एक बाथरूमचा. दोन्हींवर पितळी गेट वॉल्व्ह. स्वयंपाकघरवाल्याचं चक्र फिरवलं तर दमाने, आटे धरत फिरतं. बाथरूमवाल्याचं नुसतं गरगर. कितीही फिरवा, आत काही हलत नाही. आतली झडप दांड्यावरून सुटून अर्ध्यावर अडकलेली.

शेजारी हवेचा उभा पाईप असतो, टाकीपेक्षा उंच, वरून उघडा. लाईनला हवा लागली तर तिथून घ्यावी, लोकांच्या नळातून नाही, यासाठी. त्याच्या तोंडाला कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधलेली. पारव्यांचा बंदोबस्त असणार.

उंचीचा हिशेबही मांडला. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं. टाकी ते माझा नळ तीन मीटर, म्हणजे किलोचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. तळमजल्याला बारा मीटर. अर्धा बंद वॉल्व्ह तळमजल्याला जाणवतही नाही. आमचं मात्र होतं नव्हतं तेवढं जातं.

वॉल्व्ह अर्धा बंद कुणी केला? मागच्या मे महिन्यात पाणी पाच-पाच दिवसांनी यायचं. पाणी येतं ते उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब, मधे काहीही झालं की आमचा पाण्याचा दिवस पुढे सरकतो. तेव्हा टाकीची पाळी लावली होती. ज्याची पाळी त्याने मोटर लावायची आणि बाथरूमचा वॉल्व्ह दुपारी आवळायचा, संध्याकाळी सोडायचा. आठ घरं, दोन महिने, सोळा हात. गेट वॉल्व्ह रोज पिळायला केलेलाच नसतो. शेवटचा हात कुणाचा, हे ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कुणाचंच नाही. माझ्याही सात-आठ पाळ्या होत्याच.

रविवार

काल काम झालं. प्लंबर तोच. वॉल्व्ह बघून म्हणाला, "हे मला आधी दाखवायचं ना ताई." मी काही बोलले नाही. पितळी वॉल्व्ह काढून बॉल वॉल्व्ह टाकला. त्याची लाल दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद, लांबूनही कळतं. हवेच्या पाईपवरची पिशवी काढून बारीक जाळी बसवली. एकूण तेराशे पन्नास. आठ घरांत एकशे एकोणसत्तर.

तळमजल्याचे काका म्हणाले, "आमच्या नळाला फोर्स आहे, आम्ही का द्यायचे?" काकूंनी जिन्यातूनच उत्तर दिलं, "फेस आला तेव्हा तुमच्याकडं पण आला असंल की, बघितलाव का?" दिले त्यांनी. काकूंनी नंतर मला शेंगाचटणीची वाटी पाठवली. पायपुसण्याचं आता सांगणं आणखी अवघड झालं.

सकाळी पावणेसातला बादली दोन मिनिटांत भरली. खोकला नाही. सासूबाईंनी आंघोळ उरकली, कुणाला हाक मारली नाही. काकू कधी उठल्या ते मला कळलंच नाही.

बुधवार

पाणी रविवारी आलं होतं. एरवी बोअर पाचव्या दिवशी लावावी लागायची. आज चौथा दिवस, रात्री नऊला टाकी कोरडी आणि खालच्या हौदाचा तळ दिसतोय. सगळ्यांच्या नळांना आता जोर आहे. तळमजल्याला तर आडवा-उभा. वर्षभर तो अडकलेला वॉल्व्ह गुपचूप आमचं पाणी वाचवत होता, तेही माझ्या नळातून कापून.

साडेनऊला ग्रुपवर मेसेज, नाव लिहीत नाही: "बाथरूमचा वॉल्व्ह थोडा कमी ठेवू या का? फक्त मे संपेपर्यंत."

चार अंगठे आले. मी विजेरी घेऊन गच्चीवर गेले. लाल दांडी आधीच तिरकी होती.