नानांची काठी

आज दुपारी शेतात चालताना नानांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. मी पाय टाकणार होतो तिथे त्यांनी काठी टोचली, तर ती हातभर आत गेली. वर पऱ्हाटीचा वाळका पाला, खाली काळ्या जमिनीची मे महिन्यातली भेग.

"आठेच बैलना पाय गया व्हता," एवढंच बोलून ते पुढे. ठक, ठक, मग पाऊल.

मला एकदम अंटार्क्टिका आठवलं. (जळगावच्या उन्हात दुसरं काय आठवणार म्हणा!) तिथे हिमनदीच्या भेगांवर वाऱ्याने आलेल्या बर्फाचं छत धरतं. वरून सगळं सपाट, खाली खोल पोकळी. मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळावरून १,६०० किलोमीटरवरच्या दक्षिण ध्रुवाकडे ट्रॅक्टरांचा ताफा जातो, तेव्हा धोक्याच्या पट्ट्यात पुढच्या गाडीसमोर लांब दांडी असते, टोकाला रडार. रेडिओ लहरी बर्फात जातात, पोकळी लागली की प्रतिध्वनी वेगळा येतो. त्यावरून भेगांचा नकाशा करतात.

म्हणजे नानांची काठीच की, फक्त महागडी!

बांधावर बसून नानांना हे सगळं सांगितलं. बर्फ जागचा सरकत असतो, हेही सांगितलं. त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं.

"बरफ चालस? मंग तो नकाशा कितला दिन टिकस?"

नेमकं तेच. तिथे वाट पुन्हा पुन्हा तपासावी लागते. मला हे वाचून कळलं होतं. नानांना कसं सुचलं?