सकाळचे आठ म्हणजे रात्रीचे साडेनऊ

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात रेल्वेची तिकिटं निघतात, बसची निघतात, झेरॉक्स निघते आणि गेली काही वर्षं कॅलिफोर्नियातल्या जंगलात तंबू ठोकायच्या जागाही निघतात. हसू नका. धाकटी बहीण सॅन होजेला असते. तिथल्या राज्य उद्यानांचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या वेबसाइटवर होतं आणि ते त्यांच्या सकाळी बरोबर आठला उघडतं, म्हणजे पोरांचे डबे भरायचे, गाडी काढायची, शाळा गाठायची त्या वेळेला. आपल्याकडं तेव्हा हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. शटर अर्धं खाली, हिशेब झालेला, मी मोकळा.

आपल्या रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होतं. तिकडं सहा महिने! येत्या जूनचा बेत डिसेंबरात. यंदा तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या बिग सुर भागात जायचं ठरलं. त्यात पहिला घोळ नावांचा. फायफर बिग सुर स्टेट पार्क वेगळं, ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क वेगळं आणि फायफर बीच आणखी वेगळा. थेट किनाऱ्यावर पडणारा तो प्रसिद्ध मॅकवे धबधबा ज्युलियाच्या हद्दीत आहे, पण तंबूच्या जागा तिथं दोनच. पोराबाळांना घेऊन जायचं तर पहिलं. तिथं समुद्र नाही. बिग सुर नदी आहे आणि रेडवूडची झाडं आहेत.

बहिणीचं म्हणणं, १९ जूनला शुक्रवार आहे, त्यांची सार्वजनिक सुट्टी आहे, शुक्रवारी पोचू आणि रविवारी परत. मी म्हटलं, अगं, गुरुवारी जा. कारण सांगतो. सहा महिने मोजतात ते पोचायच्या दिवसापासून. जो बुधवारी किंवा गुरुवारी पोचणार, त्याला बुकिंग एक-दोन दिवस आधी उघडतं आणि शनिवारपर्यंतच्या सगळ्या रात्री तो एकदम उचलतो. शुक्रवारवाल्याला उरलंसुरलं. आमच्याकडं मिरजेची गिऱ्हाईकं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट कोल्हापूरपासून काढून बोर्डिंग मिरज लावतात, तसलाच हा प्रकार. गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढणारा नेहमी फायद्यात. फरक एवढाच की तिकडं गुरुवारची रात्र खरोखर तंबूत काढायची असते, रजा टाकायला लागते. "दादा, रजेचं मी बघतो, तू जागा बघ," म्हणाली. इतकी वर्षं तिकडं राहून बोलणं मात्र मंगळवार पेठेतलंच.

जागा बघणं हे खरं काम. लोकांना वाटतं सगळा खेळ बोटांच्या वेगाचा आहे. आठ वाजल्यावर नकाशा उघडून "ही घेऊ का ती" करणाऱ्याला काही मिळत नाही. नंबर आधीच कागदावर पाहिजेत, पसंतीच्या क्रमानं. मी तर तिथं कधी पाऊल ठेवलेलं नाही. उपग्रहाच्या फोटोत बघावं तर नुसते झाडांचे शेंडे, खाली काय आहे ते देव जाणे. मग लोकांनी टाकलेले फोटो बघत बसायचं, तंबूची जमीन सपाट आहे का, टेबलापासून रस्ता किती लांब, शेजारच्याची चूल कुठं.

पण माझा सगळ्यात लाडका रकाना म्हणजे गाडीची कमाल लांबी. प्रत्येक जागेच्या माहितीत तो असतो. त्यात मोठा आकडा दिसला की ती जागा घर घेऊन फिरणाऱ्या आरव्हीवाल्यांची समजा. जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ चालवायला मुभा असते, म्हणजे दिवसभर घरघर. एका ओळीत चार-पाच जागांना छोटेच आकडे असतील तर ती ओळ तंबूवाल्यांची. तिथं बोट ठेवायचं.

नदीला अगदी चिकटून नको म्हणून मी हट्ट धरला. बारकी पोरं आहेत, आणि जूनमध्येसुद्धा त्या किनाऱ्यावर धुकं, रात्री चांगलीच थंडी. गर्द झाडीतल्या जागेवर ऊन उशिरा येतं, हेही धरायला लागतं. संडासाशेजारची जागा तर फुकट दिली तरी घेऊ नये. रात्रभर लोकांचे टॉर्च तंबूवर. पण बहिणीच्या सासऱ्यांना संडास जवळ पाहिजे म्हणून त्यापासून दोन जागा सोडून तिसरी धरली.

एका जागेवर माणसं आठच. बहिणीकडचे सहा आणि सोबत इचलकरंजीचं एक कुटुंब, म्हणजे दोन जागा, त्याही शेजारी. १८ डिसेंबरला दुकानातल्या दोन कॉम्प्युटरवर आम्ही दोघं बसलो, एका लॉगिनवर मी, दुसऱ्यावर पुतण्या. पहिली पसंती माझ्या डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या जोडीतली एक मला मिळाली, तिच्या शेजारची त्याला. बुकिंगचे साधारण आठ-आठ डॉलर गेले, ते रद्द केलं तरी परत येत नाहीत.

बाकीचं फोनवर सांगून टाकलं. दुपारी दोनच्या आधी जागा मिळत नाही. जळण घरून न्यायचं नाही, लाकडातून कीड जाते, तिथलंच घ्यायचं. खायचं सगळं रात्री तिथल्या लोखंडी कपाटात, नाहीतर रॅकून नावाचे चोरटे प्राणी येतात. कांदा-लसूण चटणीची बरणीसुद्धा कपाटात, टूथपेस्टसुद्धा. चटणी खाल्ली तर रॅकूनच पळून जाईल असं दाजींचं मत आहे, पण नियम तो नियम. आणि हायवे १ दरडी पडून वरचेवर बंद होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी रस्ता बघायचाच.

आता तिच्या मैत्रिणींचे मेसेज सुरू झालेत. ऑगस्टचं फेब्रुवारीत करून देतो म्हटलंय. सप्टेंबरच्या मध्याचं मात्र जमणार नाही, ते मार्चच्या मध्यात उघडतं. ८ मार्चला त्यांची घड्याळं तासभर पुढं जातात, मग आपले वाजतात साडेआठ, आणि तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.