आमची वाटचाल : गळक्या कॉकपासून नळजोडणीपर्यंत

कळव्याच्या आमच्या गाळ्यावर सुरुवातीला फक्त दुरुस्तीची कामं यायची. टाकीचा बॉलकॉक, कन्सिल (भिंतीत दडवलेल्या) लाईनची गळती, तुंबलेला नहाणी ट्रॅप. घरातल्या असल्या कामाला परवाना कुणी विचारत नाही. नव्या नळजोडणीच्या अर्जावर मात्र परवानाधारक प्लंबरची सही लागते. दुसऱ्याची सही 'घेऊन' काम उरकायची पद्धत या धंद्यात जुनीच आहे. लाईन गळायला लागली की तो सहीवाला फोन उचलत नाही, आणि शिव्या आपण खातो.

म्हणून ठाणे महापालिकेचा परवाना काढला. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा. त्याचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळखीची नि पत्त्याची कागदपत्रं, ठरलेलं शुल्क. अर्ज अडतो तो बहुतेक अनुभवाच्या दाखल्यावर. 'मुलगा कामाला चांगला आहे' एवढ्यावर भागत नाही. ठेकेदाराच्या लेटरहेडवर कधीपासून कधीपर्यंत आणि कसलं काम केलं ते स्पष्ट हवं. आधार आणि आयटीआय प्रमाणपत्रावरच्या नावांत एका अक्षराचा फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. परवाना माणसाच्या नावावर असतो, गाळ्याच्या नाही. माणूस सोडून गेला की सहीही जाते, त्यामुळे आम्ही दोघांच्या नावावर घेतले. आणि विटावा सोडून दिघ्यात शिरलं की नवी मुंबईची हद्द. तिथे ठाण्याचा परवाना चालत नाही. गुमास्त्याचं, म्हणजे गाळ्याच्या नोंदणीचं, सोपं आहे, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाईन सूचना दिली की पावती मिळते.

सही आपली झाल्यावर काम बदललं. सगळ्यात आधी गटारातून पाईप टाकणं बंद केलं. अंतर वाचतं म्हणून चाळींत अर्ध्या इंची जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपच्या) जुड्याच्या जुड्या गटारातून नेलेल्या दिसतात. आपल्याकडे पाणी ठरल्या वेळीच येतं. पाणी बंद झालं की लाईनमधला दाब उतरतो, आणि गंजून पडलेल्या भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. सकाळची पहिली बादली वास मारते ती यामुळे. थेट लाईनला पंप लावला तर हा प्रकार आणखी वाढतो, शिवाय तो बेकायदाही आहे. गटार ओलांडायचंच असेल तर आम्ही मोठ्या पाईपची स्लीव्ह घालून वरून नेतो आणि गटाराच्या आत एकही सांधा ठेवत नाही.

जीआय पाईप घेताना पट्टीचा रंग बघावा. पिवळी म्हणजे ए क्लास, सगळ्यात पातळ; निळी बी; लाल सी, सगळ्यात जाड. जमिनीखाली आम्ही सी क्लासच घालतो, कारण आटे पाडल्यावर पाईपची जाडी आणखी कमी होते आणि गंज तिथूनच धरतो. उघड्या पडलेल्या आट्यांना रंग लावायचा राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत तिथेच पाझर सुरू होतो.

सीपीव्हीसीत, म्हणजे प्लास्टिकच्या पाईपात, गळती होते ती घाईमुळे. पाईप सरळ कापून काठावरची बर (कुसळं) काढायची, चिकटवायचं सोल्युशन पाईप आणि फिटिंग दोन्हीकडे लावायचं, पाव वळसा देत पूर्ण आत ढकलायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. लगेच सोडलं तर पाईप मागे सरकतो. नळाच्या जागी पितळी आट्यांचंच फिटिंग घ्यावं. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना जास्त आवळला की चीर जाते, आणि ती दिसते टाइल बसल्यावर.

टाइल लावायच्या आधी टेस्टिंग पंप लावून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब धरायचा. सात मजल्यांची इमारत एकवीस मीटर, म्हणजे तळमजल्यावर दोन किलोच्या वर, आणि टेस्ट सव्वातीनची. लाईनमध्ये पाणी भरून सगळी हवा काढायची, नाहीतर दाबाच्या गेजचा काटा खोटं बोलतो. हवेने टेस्ट करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, प्लास्टिक फुटलं तर तुकडे उडतात. गेजचे सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो, वेळेसकट, सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवतो. बिल त्यानंतर.